बाबाले जुनी ॲसिडिटी, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं, करावं का?

आर्णीवाला
नमस्कार मंडळी, बाबा ५४ चे, शेती करतात, कितीतरी वर्षांपासून जळजळ आन आंबट ढेकर, रातच्याले तर आंबट पाणी घशापर्यंत येते आन खोकत उठून बसतात. पॅन्टोप्राझोल ४० चालू हाय, तरी आराम नाही. आता एंडोस्कोपी केली तर ३ सेंटीमीटरचा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) निघाला, यवतमाळच्या डॉक्टरनं दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं. मोठे बाबा म्हणतात पोट फाडू नका. फाडल्याशिवाय काही होते का?

स्टाफ सिस्टर वर्धा
दादा, आधी हे सांगा, गोळी कशी घेतात? ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, मग जेवण झालंच पाहिजे, कारण पोटात ॲसिड बनवणारे पंप जेवणानंच चालू होतात आन गोळी चालू पंपालेच धरते. आमच्याकडं येणारे कितीतरी जण पहाटे चहासंगं गोळी घेतात, वावरात जातात आन डबा उघडतात ११ वाजता, मग म्हणतात गोळी लागू नाही पडत.
ऑपरेशनचं म्हणाल तर त्यात पोट फाडत नाही, चार-पाच लहान छिद्रं पाडतात, हर्निया खाली घेऊन जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात, म्हणजे ॲसिड वर येऊ न देणारी तिथली झडप परत घट्ट होते. याले फंडोप्लिकेशन म्हणतात. निसेनमध्ये पूर्ण ३६० अंशाचा वेढा, टूपेमध्ये २७० चा. तोंडातून दुर्बीण टाकून झडपेची घडी बांधणारं टिफ पण हाय, पण ते साधारण २ सेंटीमीटरपर्यंतच्या हर्नियाले, बाबाचा ३ हाय. स्ट्रेटा म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सीचा शेक देतात, त्याचे निकाल काही एकसारखे नाहीत, मी तरी त्याच्या मागं लागू नका म्हणेन.
ऑपरेशनच्या आधी मॅनोमेट्री करून घ्या, अन्ननलिका घास नीट ढकलते का हे त्यातच समजते. अन्ननलिकेत ॲसिड किती चढते हे मोजणारी २४ तासाची पीएच टेस्ट लागते का तेही विचारा.

वणीकर
माझं निसेन झालेलं हाय भाऊ, आता रातची झोप लागते हे खरं. पण सुरुवातीचे काही आठवडे घास अटकते, पातळ वरण, गिल्ला भात, कण्या यावरच राहा लागते, भाकर बंद. ढेकर सहज येत नाही, गॅस पोटातच फिरते. हे सारं बाबाले आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते समजतील ऑपरेशन बिघडलं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसते का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले विचारा.

आर्णीवाला
सिस्टर, गोळीचं अगदी तसंच हाय, चहासंगं घेतात. आन हिवाळ्यात लाईन रातची राहते म्हणून हरभऱ्याचं ओलीत करून येतात, जेवले की लगेच आडवे. खर्रा पण चालू हाय.

स्टाफ सिस्टर वर्धा
मग ओलिताले जायच्या आधीच जेवू घाला, जेवण आन झोपेत तीन तास तरी पाहिजे. खाटेच्या डोक्याकडच्या पायाखाली इटा लावून सहा-आठ इंच उंच करा, नुसत्या दोन उशा घेऊन पोट अजून दबते, आन डाव्या कुशीवर झोपू द्या. खर्रा सोडाच, तंबाखूनं झडप अजून ढिली पडते. हे सगळं करून गोळी बरोबर टायमावर घेऊन पाहा आन मग सर्जनले भेटा. पण घास अटकत असन, वजन उतरत असन, उलटीत रक्त किंवा संडास काळी डांबरासारखी होत असन तर वाट पाहू नका, लगेच न्या.

आर्णीवाला
घास नाही अटकत, वजन पण तेवढंच हाय. आज रातीच इटा लावतो, मॅनोमेट्री नागपूरले कुठं होते ते डॉक्टरले विचारतो.