मदत हवी आहे: रस्त्यावरील मनोरुग्णांपर्यंत जाण्याच्या कामाला सरकारी निधी मिळेल का?

मृण्मयी:
आम्ही आठ जण स्वारगेट ते पुणे स्टेशन या पट्ट्यात रात्री फिरून रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना भेटतो. ज्यांच्या देणगीतून गाडीभाडे, औषधे आणि डॉक्टरांचे मानधन निघत होते, त्यांनी मार्चनंतर पैसे देणे जमणार नाही असे कळवले आहे. एका कार्यालयात निवारा केंद्रासाठी अर्ज करा म्हणतात, तर दुसऱ्यात रुग्णाला दाखल करा म्हणतात. रस्त्यावर जाऊन करायच्या कामाला पैसे देणारे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचा रकाना, कोणते, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

वाटसरू:
संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीकृत आहे का? डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ आहेत की सामान्य वैद्यकीय व्यावसायिक? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मुळाकाठ:
राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा, असा निकष होता. पुण्याच्या लोकसंख्येला असे किती निवारे लागतील याचा हिशेब मांडा आणि तेवढ्यांची मागणी करा.

निवृत्त पोलीस:
यासाठी वेगळा निधी कशाला? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १०० वाचावे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणे आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. येरवड्याचे मनोरुग्णालय तर शहरातच आहे.

शारदा:
माझा आग्रह आहे की कर्जतजवळ वेणगाव येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राशी बोलावे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये याच कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारानंतर तेथून माणसे आपापल्या गावी घरच्यांकडे पोहोचवली जातात, आणि खरे काम ते आहे.

मृण्मयी:
नोंदणी आहे. डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ आहेत, आठवड्यातून एक रात्र येतात. आधी लिहायला हवे होते.
काकांना सांगते, कलम मला पाठ आहे. स्टेशनच्या पादचारी पुलाखाली एक बाई बसतात. भोवती गाठी मारलेल्या अकरा पिशव्या असतात आणि त्या दिवसभर त्याच मोजतात. तीन महिने त्यांनी आमच्याकडून फक्त चहा घेतला, तोही कप आम्ही खाली ठेवून चार पावले मागे सरलो तरच. चौथ्या महिन्यात नाव सांगितले, त्यानंतर गोळी घेतली. गणवेशातला माणूस आला असता तर पिशव्या टाकून त्या पळाल्या असत्या, आणि पुन्हा सापडल्या नसत्या. या तीन महिन्यांचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

निवृत्त पोलीस:
आमच्यातही समजूतदार माणसे असतात. तरीही पिशव्यांचे लक्षात घेतले. साध्या वेशात जायला हवे, हे मान्य आहे.

शारदा:
मी केंद्राचे नाव सुचवले ते पुढच्या टप्प्यासाठी. ओळख झाल्यावर नेता येईलच ना?

वाटसरू:
आता सांगतो. नुसती रोख रक्कम मागू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो, त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते असतात. औंधच्या जिल्हा रुग्णालयाला लेखी विनंती करा की आठवड्यातली एक रात्र हे पथक तुमच्याबरोबर यावे आणि औषधे तेथूनच मिळावीत. याच कायद्याच्या कलम १८ नुसार बेघर व्यक्तीला, दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी, सरकारी संस्थेत मोफत उपचारांचा हक्क आहे. त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा. डॉक्टर आणि औषधे यांचा भार उतरला की गाडीभाड्यापुरते पैसे एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मागणे सोपे जाते. अर्जात भेटींची नोंद द्या: कोणाला कितव्यांदा भेटलो आणि काय बदल दिसला. तुमच्या त्या तीन महिन्यांना तोच रकाना आहे.

मृण्मयी:
नोंदवही आहे, तारखांसह. पत्र कोणाच्या नावे लिहू?

वाटसरू:
जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. पोच घ्यायला विसरू नका.