तंत्रमार्ग आधी कोणाचा: शैवांचा की बौद्धांचा?

गिरणाकाठ

सर्वांना नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन पाटणादेवी आणि पितळखोरे पाहायला गेले असताना देवळापाशी एका वयोवृद्ध गृहस्थांनी मुलांना सांगितले, की तंत्र ही अथर्ववेदातून निघालेली विद्या असून देवीची सगळी जुनी ठाणी ही तिचीच पीठे आहेत. लेण्यांपाशी भेटलेल्या एका अभ्यासू गृहस्थांचे म्हणणे नेमके उलटे होते: तंत्र मुळात बौद्धांच्या वज्रयानाचे, म्हणजे त्यांच्या मंत्रप्रधान पंथाचे, आणि बौद्ध धर्म ओसरल्यावर शैव-शाक्तांनी ते आपलेसे केले. दोघांच्याही बोलण्यात कळकळ होती. परतीच्या वाटेवर मुलांनी मला गाठले आणि खरे काय ते विचारले.

मुलांना मी पुराव्यानिशी काही सांगू इच्छिते. तंत्राचा सर्वांत जुना लिखित दाखला कोणता, कोणी कोणाकडून काय घेतले, आणि या साऱ्या घडामोडीत आपल्या तापी खोऱ्याचा काही संबंध येतो का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

ताम्रपट

ताई, उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागेल, कारण या विषयावरचे बहुतेक वाद तिथेच अडकतात. विष उतरवण्याचे, ताप घालवण्याचे किंवा शत्रूला जेरीस आणण्याचे मंत्र म्हणजे तंत्र असे मानले, तर अथर्ववेदात ते भरपूर आहेत आणि पाली परंपरेतही रक्षणासाठी म्हणायची परित्त सूक्ते आहेत. मग तंत्राला आरंभच उरत नाही. पुढे शैव आणि बौद्ध या दोघांनीही ज्याला तंत्र म्हटले त्याचा गाभा निराळा आहे. गुरूने मंडल रेखून दिलेली दीक्षा, त्या दीक्षेने मिळालेला मंत्र, साधकाने आपल्या देहावर देवतेचा न्यास करून, म्हणजे अवयवा-अवयवावर मंत्राने देवतेची स्थापना करून, स्वतःला देवतारूप मानणे, आणि याच मार्गाने सिद्धी व मोक्ष दोन्ही मिळतात हा दावा, हे सगळे एकत्र आल्यावरच तंत्रमार्ग उभा राहतो, आणि अशी एकत्र मांडणी इसवी सनाच्या पाचव्या शतकाआधी दिसत नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा आसनस्थ पुरुष पुष्कळदा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ती मुद्रा आणि पहिला तंत्रग्रंथ यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे रिकामी आहेत, म्हणून मी तिच्यावर भिस्त ठेवत नाही.

या मार्गाची पहिली पायरी पाशुपतांची. लकुलीशाला आद्य गुरू मानणाऱ्या या भस्मधारी शैव संन्याशांचे मूळ ठाणे गुजरातेतले कायावरोहण, म्हणजे आजचे कारवण. मथुरेच्या इ. स. ३८० च्या स्तंभलेखात उदिताचार्य स्वतःला लकुलीशाचा शिष्य कुशिक याच्यापासूनचा दहावा म्हणवतो, त्यावरून ही गुरुपरंपरा तोवर चांगलीच मुरलेली होती हे कळते.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा मात्र तापी आणि नर्मदेच्या पट्ट्यातला आहे. धार जिल्ह्यातल्या बाघ येथे १९८२ मध्ये वाल्खाच्या महाराजांचे २७ ताम्रपट एकत्र सापडले. ते चौथ्या शतकातले मानले जातात. देवळांना दिलेल्या जमिनींच्या त्या नोंदींत मातृकांची, म्हणजे समूहाने पुजल्या जाणाऱ्या मातृदेवतांची, ठाणी आहेत, आणि त्यांपैकी एक मातृस्थान लोकोदधि नावाच्या पाशुपताचार्याने स्थापन केलेले आहे. ब्रह्मचर्य पाळणारा शैव संन्यासी आणि गावची मातृदेवता यांची गाठ इथे एका देवळात पडलेली दिसते. पुढच्या तंत्रग्रंथांत भैरव आणि योगिनी यांची जी जोडी ठायी ठायी भेटते, तिचे बीज मला या ओळींत दिसते. याच घराण्यातल्या रुद्रदासाचा एक ताम्रपट आपल्या शिरपूरचा आहे, आणि बाघचा साठा हाती येण्याआधी पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी या राजांचे राज्य खानदेशातच मानले होते. पाठ्यपुस्तकांत या ताम्रपटांना जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

यानंतर इ. स. ४२३-२४ चा गंगधारचा शिलालेख येतो. झालावाड जिल्ह्यातले हे गाव. तिथे राजा विश्ववर्म्याचा मंत्री मयूराक्षक याने विष्णूच्या देवळाबरोबर मातृकांचेही देऊळ बांधले. लेखात ते देऊळ डाकिनींनी भरलेले आणि अतिउग्र म्हटले आहे, आणि तिथल्या मातृका हर्षाने गर्जत, तंत्रातून उठलेल्या वाऱ्यांनी समुद्र ढवळून काढतात असे वर्णन आहे. कोरीव लेखातला इतका स्पष्ट आणि इतका जुना दुसरा दाखला नाही. ग्रंथांपुरते बोलायचे तर ‘निश्वासतत्त्वसंहिता’ हे हाती असलेले सर्वांत जुने शैव तंत्र. त्याची नवव्या शतकातली ताडपत्रावरची पोथी काठमांडूत आहे आणि त्यातला जुना भाग साधारण इ. स. ४५० ते ५५० मधला मानला जातो.

बौद्धांकडे हा प्रवाह आला तो धारणींच्या, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या मंत्रपाठांच्या, वाटेने. मुलांनी पितळखोरे पाहिलेच आहे, तर त्यांना तिथला यक्ष जरूर सांगा. डोक्यावर परडी तोललेली ती बुटकी, हसरी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे तिच्या हातावरच कोरलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या विहारातही यक्षाला मानाचे स्थान होते. पुढे ‘महामायूरी’सारख्या सर्पविषनाशक धारणीत नगरोनगरीच्या यक्षांची नावे घेऊन रक्षण मागितलेले आहे. तरीही मंडलात अभिषेक घेऊन साधकाने बुद्धरूप होण्याची पूर्ण पद्धत आपल्याला ‘महावैरोचन’ सूत्रात, म्हणजे सातव्या शतकाच्या मध्यापासून भेटते; शुभाकरसिंहाने त्याचे चिनी भाषांतर ७२४-२५ मध्ये केले. कालक्रमाने पाहता दीक्षाप्रधान तंत्रपद्धती शैवांकडे आधी आकाराला आली, असा निष्कर्ष मी काढतो.

अमळनेरकर

वरचा मजकूर आदराने वाचला. मी पौरोहित्य करतो, त्यामुळे पुस्तकाबरोबर हाताच्या सवयीवरूनही दोन शब्द लिहितो. तंत्र म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्मशान आणि कवट्या येतात. नवरात्रात आपल्या घरी सप्तशतीचा पाठ होतो तेव्हा आधी देवीच्या नऊ अक्षरी नवार्ण मंत्राचा विनियोग होतो, मग अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः असे म्हणत एकेका बोटावर मंत्र ठेवला जातो, त्यानंतर हृदय, शिर, शिखा, कवच, नेत्र आणि अस्त्र असा न्यास होतो. ही सगळी क्रिया तंत्रातली आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा, भूतशुद्धी, बीजमंत्र हेही तिथलेच. यजमान हे सारे श्रद्धेने करतात, आणि त्यांच्या घरी तंत्र हा शब्द काढला तर घाबरतात, याचे मला वाईट वाटते.

मात्र वेदाचा संबंध सर्वस्वी तोडू नये, अशी माझी विनंती आहे. त्याच नवार्ण मंत्राला ऋषी, छंद आणि देवता सांगितलेल्या आहेत, आणि मंत्र सांगण्याची ही रीत वैदिक आहे. होम, आहुती, कुंड हेही यज्ञशाळेतूनच आले. अथर्ववेदातून तंत्र निघाले हे विधान ढोबळ असेल, पण ज्या घरात ते वाढले ते घर यज्ञाचे होते.

ताम्रपट

गुरुजी, न्यासाचे आपण दिलेले उदाहरण मुलांना सर्वांत लवकर कळेल. होमाची आणि ऋषी-छंदांची आपली गोष्ट मला मान्य आहे. तरी एक फरक राहतो. शैव सिद्धान्त या पंथाच्या दीक्षेने जिवाचा मल नष्ट होतो आणि ती चारही वर्णांना देता येते, असे शैव आगम म्हणतात, आणि आपले शास्त्र वेदाच्या वरचे असल्याचा त्यांचा दावा असतो. वैदिक पंडितांना हा पेच जाणवत होता. नवव्या शतकात काश्मीरचा नैयायिक जयंत भट्ट याने शैव आगमांना प्रमाण मानले, पण नीलांबर नावाच्या स्वैर पंथावर राजा शंकरवर्म्याने घातलेल्या बंदीला पाठिंबा दिला. सगळ्या तंत्राला एकाच मापाने मोजायचे नाही, ही दृष्टी त्याच्यापाशी होती.

गिरणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पंचमकारांविषयी शाळेत कसे बोलावे हा पेच आहेच, पण त्याहून मोठी उत्सुकता अशी, की बौद्धांनी शैवांकडून घेतले याला कालक्रमाखेरीज आधार काय? आणि उलट दिशेनेही काही आले का? चांगदेव आणि मुक्ताबाई यांचे नाव आपल्या भागात सर्वांच्या ओठी असते, त्यांचा या परंपरेशी नेमका दुवा कोणता?

पूर्णासंगम

ताई, मुक्ताईनगर परिसरातला असल्याने शेवटच्या प्रश्नासाठीच लिहायला बसलो, पण क्रमाने येतो.

आधार पोथ्यांचा आहे. वज्रयानातल्या चक्रसंवर परंपरेचे मूळ तंत्र, म्हणजे ‘लघुसंवर’, यातले मोठमोठे उतारे ‘ब्रह्मयामल’, ‘सिद्धयोगेश्वरीमत’ अशा शैव ग्रंथांशी जुळतात. शैव ग्रंथात जो श्लोक वृत्तात आणि अर्थात नीट बसतो, तो बौद्ध ग्रंथात देवतेचे नाव पालटताना कित्येक ठिकाणी अडखळतो; शैव तंत्राचे अभ्यासक अॅलेक्सिस सँडरसन यांनी हा पुरावा तपशीलवार मांडला आहे. काही विद्वानांनी दोघांनीही एका समाईक लोकपरंपरेतून घेतले असे म्हटले आहे, पण शब्दशः जुळणारे श्लोक त्या मताने उलगडत नाहीत, म्हणून मला सँडरसन यांचे म्हणणे अधिक पटते. बौद्धांनी मात्र नुसती नक्कल केली असे कोणी समजू नये. शून्यता आणि करुणा, प्रज्ञा आणि उपाय या त्यांच्या स्वतःच्या विचारात त्यांनी ते सारे इतके मुरवले, की हेरुक या आपल्या उग्र देवतेच्या पायाखाली भैरव आणि कालरात्री दाखवण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

उलट दिशेचा प्रवास तितकाच खरा आहे. शाक्तांच्या दहा महाविद्यांतली तारा बौद्धांकडून आली, आणि छिन्नमस्तेचे रूप वज्रयोगिनीच्या छिन्नमुंडा रूपावरून घेतलेले आहे. हठयोगाचा हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ ‘अमृतसिद्धी’ अकराव्या शतकातला, वज्रयानी वर्तुळातला. नंतरच्या नाथपंथी हठग्रंथांनी त्यातूनच उचल केली. बौद्धांच्या ‘हेवज्र’ तंत्रात देहातली चक्रे चार आहेत, तर आज सर्वतोमुखी असलेली सहा चक्रांची मांडणी कुब्जिका देवीच्या शैव-शाक्त परंपरेतून पसरली. मत्स्येंद्राचे नाव तर दोन्हीकडे आहे: ‘तंत्रालोका’च्या आरंभी काश्मीरचा शैव आचार्य अभिनवगुप्त मच्छंदाला, म्हणजे मत्स्येंद्राला, वंदन करतो, आणि तिबेटी परंपरेतल्या ८४ सिद्धांमध्येही मीनपा आणि गोरक्ष आहेत.

मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही परंपरा ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी स्वतः सांगितली आहे. शके १२१२ मधल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंकवाने न्हालेल्या नागाच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी जागी होते, आणि हे गुह्य नाथांचे असल्याचा स्पष्ट निर्देश तिथेच आहे. पण गीतेवरच्या मराठी टीकेत आल्यामुळे ते कानी पडायला मंडल आणि दीक्षा लागत नाही. माझ्या मते तंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राची ही सर्वांत मोठी भर आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावी ज्या योग्याचे देऊळ आहे तो वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सिद्धी मिळवलेल्या त्या हठयोग्याला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे पत्र लिहिले आणि मुक्ताबाई त्याची गुरू झाली. सिद्धींपेक्षा बोध मोठा, ही भूमिका या कथेत आहे, आणि सिद्धी व मोक्ष यांत श्रेष्ठ काय हा तंत्रग्रंथांमधलाच जुना वाद आहे.

पंचमकारांबद्दल थोडक्यात. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन ही पाचांची यादी उशिराची. अभिनवगुप्ताकडे मकार तीनच आहेत, आणि तेही कौल, म्हणजे शाक्त वळणाच्या गुप्त मार्गातल्या, साधकांसाठी. शैव सिद्धान्ताच्या मठांत यांतले काहीही नव्हते. नववीच्या वर्गात एवढेच सांगितले तरी ते पुरे आहे आणि खरेही आहे.

सातपुडा

वर डाकिनींचा उल्लेख आला, म्हणून नंदुरबारकडून एक कळकळीची विनंती. आमच्याकडे आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारझोड होते, वाळीत टाकले जाते. हा गुन्हा आहे आणि जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. गंगधारच्या डाकिनी या देवतेच्या परिवारातल्या उग्र शक्ती आहेत, आणि वज्रयानात तर डाकिनी साधकाला ज्ञान देणारी मानली गेली. वर्गात तो शिलालेख सांगताना शेजारच्या कुठल्याही जिवंत बाईशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना त्याच तासाला सांगावे.

ताम्रपट

सातपुडा यांचे म्हणणे अगदी योग्य आहे, तसेच करावे. ताई, पुढची सहल कन्नडचा घाट चढून वेरूळला न्यावी असे सुचवतो. तिथे लेणे क्रमांक १४ आधी पाहावे. त्यात सप्तमातृका ओळीने बसल्या आहेत, प्रत्येकीजवळ मूल आहे आणि खाली तिचे वाहन. वाहनावरून मातृका ओळखायला मुलांना सांगावे. मग लगेच क्रमांक १२, म्हणजे तीनताळ. तिथल्या भिंतीवर नऊ चौकोनांचे मंडल कोरलेले आहे, मधल्या घरात बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. वेळ उरल्यास क्रमांक ६ मधली मोराजवळची महामायूरीही दाखवावी. तिच्या पायाशी पोथी वाचत बसलेला विद्यार्थी मुलांना आवडेल. वेरूळ मंगळवारी बंद असते, त्या हिशेबाने दिवस ठरवावा.