सवार, स्वार की शिलेदार?

प्रश्न:
पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या भारतीय घोडदळातल्या तरुण शिपायांची घरी लिहिलेली पत्रं मराठीत आणते आहे. मूळ पत्रं उर्दू, पंजाबी, हिंदीतली. हाती आहेत ते सेन्सॉरच्या कचेरीनं केलेले इंग्रजी उतारे. त्यांत नावाआधी ‘सवार’ येतं. मी ‘शिलेदार’ केलं. एक स्नेही म्हणतात ‘घोडेस्वार’ बरं. काय ठेवू?

उत्तर:
ताई, ‘सवार’ हा हुद्दा आहे. पायदळात शिपाई, तसा घोडदळात सवार. त्याच्या वर दफेदार, मग जमादार, रिसालदार. ‘शिलेदार’ हुद्दा सांगत नाही, घोडं कुणाचं ते सांगतो. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, सरकारी पागेतलं घोडं मिळे तो बारगीर. शिवाय आज ‘शिलेदार’ म्हटलं की वाचकाला नेत्याचा निष्ठावंत कार्यकर्ताच आठवतो. ‘घोडेस्वार’ तर माथेरानला घोड्यावर बसलेला पर्यटकही असतो. ‘स्वार’ लिहा. शब्द तोच, मराठीत मुरलेला.

प्रश्नकर्ती:
पण त्या फौजेत सिलिदारी, म्हणजे शिलेदारीच, पद्धत होती ना? भरती होताना पोरगा ‘असामी’ म्हणून रक्कम भरायचा, त्यावर त्याला घोडं मिळायचं. तो घोड्याबद्दल लिहितो तेव्हा घरचा पैसा त्यात अडकलेला असतो. ‘स्वार’ म्हटल्यावर हे सगळं पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर:
मुद्दा मोलाचा आहे, पण तो प्रस्तावनेत येऊ द्या. 1914 मध्ये बहुतेक रेजिमेंटा सिलिदारी होत्या हे खरं. फ्रान्समध्ये ती पद्धत टिकली नाही, युद्धानंतर बंदच झाली. 1 डिसेंबर 1917 ला काँब्रेच्या लढाईत लान्स दफेदार गोविंद सिंग यांनी तीनदा निरोप पोचवला. तिन्ही वेळा खालचं घोडं मारलं गेलं आणि उरलेली वाट त्यांनी पायी तोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असं एका दिवसात तीन घोडी जाणार असतील तर घरची असामी कुठवर पुरणार?

आणखी एक. घोडदळाला पायउतार होऊन ट्रेंचमध्येही बसावं लागे. तिथे ‘खंदक’ लिहू नका, खंदक किल्ल्याभोवतीचा. या शिपायांच्या तोंडी ‘मोर्चा’ होता, आणि बखरींतही वेढा घालणारे ‘मोर्चे’ लावतात. फक्त आजच्या वाचकाला रस्त्यावरचा मोर्चा वाटू नये म्हणून पहिल्यांदा येईल तिथे टीप द्या.

प्रश्नकर्ती:
पटलं. आजच सगळीकडे ‘स्वार’ करते. ‘विलायत’ मात्र तशीच ठेवणार. त्याच चिखलात बसलेले गोरे सैनिक आपल्या घराला ‘ब्लायटी’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या ‘विलायती’वरूनच गेलेला. या पोरांना मात्र ती विलायत परकीच.