अध्यक्ष वहिनी, पण पंचायत चालवतंय कोण?

सीमाभागची_लेक:
आमच्या वहिनी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात ग्रामपंचायत अध्यक्ष झाल्यात, महिला आरक्षणातनं. सही त्यांची, पण डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल दादाच्या खिशात, ठराव सगळे कन्नडमधनं, वहिनींना वाचता येत नाही, मग दादा नि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) बोलून ठरवतात आणि ह्या सही करतात. गाव मात्र ऐकतंय एका रिटायर गुरुजींचं, ज्यांच्याकडं कसलंच पद नाही. मग अधिकार कुणाचा, ताबा कुणाचा, वजन कुणाचं? वहिनींनी सुरुवात कुठनं करायची?

मलप्रभाकाठ:
ताई, अधिकार वहिनींचाच, १९९३ च्या पंचायत राज कायद्यानं दिलेला, दादांना त्यात काडीची जागा नाही. पण ताबा ज्याच्या हातात डोंगल नि कागद त्याचा. बिल निघायला अध्यक्ष नि पीडीओ दोघांचं डोंगल लागतंय, म्हणजे वहिनींनी नाही म्हटलं तर पैसा हलणार नाही, एवढी मोठी गोष्ट दुसऱ्याच्या खिशात कशी काय? पासवर्डसकट परत घ्या आधी.

चिकोडीचा_मास्तर:
मॅक्स वेबर ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सत्तेचे तीन आधार सांगितलेत, परंपरा, माणसाचं तेज आणि नियम. दादांचं चालतंय ते परंपरेवर, पुरुष बोलला की ऐकायचं. वहिनींकडं नियम आहे. गुरुजींचं वजन समजायला फ्रेंच आणि रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांची १९५९ ची मांडणी बघा, त्यात भीती, बक्षीस, पद यांच्याबरोबर ज्ञान आणि आपलेपणाही येतोय. गुरुजींकडं हे शेवटचे दोनच आहेत, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

निपाणीची_अक्का:
सगळं बरोबर, पण डोंगल हिसकावलं की घरात भांडण पेटतंय, बाईलाच ऐकून घ्यावं लागतंय, हे कुणी बोलतच नाही. कर्नाटकात १९८७ च्या निवडणुकीतच बायकांना २५ टक्के जागा होत्या, देशभर पंचायतीत बायकांना आरक्षण देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधी, आता ५० टक्के आहेत, तरी घराघरात हेच चाललंय. माझं मत, गुरुजींना कन्नड येत असेल तर ग्रामसभेत प्रत्येक ठराव सगळ्यांसमोर मराठीतनं वाचायला लावा. एकदा गावानं ऐकलं की आतल्या आत काय बदलता येत नाही. आणि वहिनींनी स्वतः कन्नड वाचायला शिकावं, ते होईपर्यंत न वाचलेल्या कागदावर सही नको म्हणजे नको.

सीमाभागची_लेक:
अक्का, हे पटलं. गुरुजींना कन्नड चांगलं येतंय, मी आजच विचारते. डोंगलचं दादाशी मीच बोलते, मी बहीण हाय, वहिनींवर नको यायला.