मदत हवी आहे: मेल्यावर शपथ सुटते का? (जॉन स्नोचा वाद)

मंडळी, 'गेम ऑफ थ्रोन्स'वरून आमच्याकडे जुंपली आहे, जाणकारांनी निकाल द्यावा. (सहावा सीझन पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

नाइट्स वॉच म्हणजे उत्तरेच्या भिंतीवरचं पहारेकरी दल, त्याची शपथ मरेपर्यंतची. दलाचा प्रमुख, म्हणजे लॉर्ड कमांडर, असलेल्या जॉनला त्याचेच लोक भोसकून मारतात, पुजारीण मेलिसांद्रे त्याला परत जिवंत करते. मग तो मारेकऱ्यांना फासावर चढवतो, अंगावरचा झगा दलातल्या सोबती एडच्या हातात देतो आणि माझा पहारा संपला म्हणून चालता होतो. भावाचं म्हणणं, करारच संपला, विषय संपला.

मला खटकतं ते वेगळंच. मरताक्षणी शपथ सुटली असेल, तर त्या चौघांना फाशी देताना हा कुठल्या अधिकाराने उभा होता? दोर तलवारीने कापताना लॉर्ड कमांडर, आणि दोन मिनिटांनी मोकळा? सोयीचं आहे बुवा!

याच कथेतला सरदार बेरिक डोंडेरियन तर कितीदा मेला आणि उठला. ज्याच्या नावाने मोहिमेवर निघाला तो राजाही गेला, तरी गडी काम सोडत नाही. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तर उलटा न्याय: राजा इसिल्दुरला दिलेला शब्द मोडणारे डोंगरातले लोक मेल्यावरही अडकलेलेच, त्याचा वारस अॅरागॉर्नने मोकळं करेपर्यंत.

भीष्म आणू नका मध्ये, तो प्रतिज्ञा घेऊन परत जिवंत झाला नव्हता.

तर प्रश्न असा: मालिका ज्यांवर बेतली त्या मार्टिनच्या पुस्तकांत कुणी मेल्यावर उठून शपथेतून सुटल्याचं उदाहरण आहे का? प्रकरणाचा संदर्भ दिलात तर उत्तम, भाऊ नुसत्या मताला भीक घालत नाही.