मोटर कॉर्टेक्सला प्रकाश दिला की दृश्य कॉर्टेक्स का उजळतो? (ऑप्टोजेनेटिक एफएमआरआय: प्रकाशानं पेशी चालवून मेंदूचा स्कॅन)

प्रश्न:
रॅटच्या डाव्या मोटर कॉर्टेक्समध्ये (हालचाली चालवणारा भाग) एएव्ही-५ या वाहक विषाणूमधून चॅनेलरोडॉप्सिन-२ (निळ्या उजेडानं पेशी चालू करणारं प्रथिन) घातलंय. मेंदूत उजेड नेणारा फायबर २०० मायक्रॉनचा, लेसर ४७३ नॅनोमीटर, टोकाशी १० मिलिवॅट. २० हर्ट्झ, १५ मिलिसेकंदांचे पल्स, २० सेकंद चालू, ४० सेकंद बंद. स्कॅनर ७ टेस्ला. फायबरखाली आणि त्याच बाजूच्या थॅलॅमसमध्ये सिग्नल चांगला येतो, पण दोन्हीकडचे सुपीरियर कॉलिक्युलस (डोळ्यांकडून माहिती घेणारा मध्यमेंदूचा भाग) आणि दृश्य कॉर्टेक्सही उजळतात. हा मेंदूतला खरा जोडमार्ग धरायचा का?

प्रतिसाद १:
इतक्यात धरू नका. हे भाग दोन्ही बाजूंनी एकदम उजळले की पहिला संशय डोळ्यांवर घ्यायचा. निळा उजेड फेरूल (फायबरचं टोक धरणारी बारीक नळी) आणि स्लीव्हच्या (फेरूल जोडणारं आवरण) सांध्यातून बाहेर गळतो, शिवाय कवटीच्या आतूनही रेटिनापर्यंत पोचतो. खोलीत अंधार करून सांधा तपासा. लेसरच्या चष्म्यातून निळा दिसणार नाही, म्हणून कॅमेऱ्यातून बघा. पांढरा स्लीव्ह दिव्यासारखा पेटलेला दिसला तर गळती नक्की. फेरूल कवटीला चिकटवणाऱ्या दंतसिमेंटमध्ये कार्बन पावडर मिसळा आणि स्लीव्हवर काळी नळी चढवा. सिमेंट हळू घोटा, कारण बुडबुडा राहिला की ईपीआय (एफएमआरआयची जलद पद्धत) प्रतिमेत नेमकं तिथेच काळं भोक पडतं. आतून जाणारा उजेड मात्र यानं थांबत नाही. त्यासाठी डोळ्यांसमोर निळा एलईडी पूर्ण स्कॅनभर, लेसर बंद असतानाही, लुकलुकता ठेवा, म्हणजे गळालेला उजेड डोळ्यांना वेगळा जाणवत नाही.

प्रतिसाद २:
फायबरखालचा सिग्नलही तपासून घ्या. २० हर्ट्झला १५ मिलिसेकंद म्हणजे ३० टक्के वेळ लेसर चालू, सरासरी ३ मिलिवॅट. ऊती तापली की टी-१ आणि टी-२ स्टार (एमआरआय सिग्नल किती वेगानं सावरतो आणि विरतो ते) बदलतात, आणि न्यूरॉन गप्प असतानाही सिग्नल हलतो. पल्स ५ मिलिसेकंदांवर आणा, सरासरी १ मिलिवॅट होईल. फेज प्रतिमाही (सिग्नलची वारंवारता सरकली की बदलणारी) जपून ठेवा: ७ टेस्लावर तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला साधारण ३ हर्ट्झ सरक दिसते. आणि चॅनेलरोडॉप्सिनशिवाय फक्त ईवायएफपी (पेशी न चालवणारं, नुसतं चमकणारं प्रथिन) दिलेल्या प्राण्यांचा गट हवाच, तोच लेसर, तीच वेळ. उष्णता आणि डोळा, दोन्ही त्यात उघडे पडतात.

प्रतिसाद ३:
वरच्या दोन्ही गोष्टींशी सहमत. थॅलॅमसबद्दल एक: तिथला बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजनवर आधारलेला एफएमआरआय) सिग्नल थेट मोटर कॉर्टेक्सहून आलेल्या अ‍ॅक्सॉनमुळे की मधल्या पेशींमार्फत, हे त्याच्या वेळेवरून ठरवू नका. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद सेकंदांत मोजायचा, सिनॅप्स (पेशीकडून पेशीकडे जाणारा संदेश) मिलिसेकंदांत, शिवाय हा प्रतिसाद प्रत्येक भागात वेगळ्या गतीनं चढतो. तेवढ्यासाठी थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड घालून स्कॅनरबाहेर, त्याच भुलीखाली स्पाइक (पेशींचे विद्युत ठोके) मोजा.