थिबा राजवाड्यात गाणं नको म्हणणाऱ्यांना

भाट्येकर: परवा कुणीतरी लिहिलं, "थिबा राजवाड्याच्या आवारातल्या मैफली बंद करा, आधी वास्तू वाचवा." खाली नुसते अंगठे. डोकं सणकलं. रत्नागिरीच्या पावसात घर बंद ठेवलं की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला शिकवायचं? आमचं आजोळचं घर वाटणीच्या भांडणात कुलपात राहिलं. चारच पावसाळ्यांत वाशांना वाळवी लागली आणि माजघरात आळंबी उगवली. जानेवारीत गाण्याला लोक येतात, तेव्हा निदान त्या कोरीव अर्धगोल खिडक्यांकडे कोणाची तरी मान वर होते.

जांभाचिरा: मान वर होते ती सेल्फीसाठी. एका प्री-वेडिंगवाल्याला लाइटचा स्टँड आतल्या फरशीवरून फरफटवत नेताना पाहिलंय मी. हटकलं तर म्हणतो, "काका, परमिशन आहे."

भाट्येकर: मैफल अंगणात असते. फोटोवाल्याचं पाप गवयाच्या माथी का?

जांभाचिरा: स्पीकरच्या भिंती अंगणातच लागतात ना? बरं, दुरुस्तीचं बोला. जांभ्या दगडावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. चुनाच हवा. पण चुन्याचं काम येणारा गवंडी शोधून दाखवा. आमच्याकडे एक होता, त्याचा मुलगा आता टाइल्स बसवतो.

घाटावरचा: राजवाडा राजवाडा काय लावलंय? कैदखाना होता तो. 1885 ला इंग्रजांनी ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची, राजधानी मंडाले घेतली, पुढच्या वर्षी तिथल्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास, आणि 1916 ला राजा गेलासुद्धा. तिथे बसून वन्समोअर मागायचा?

मिऱ्याबंदर: या न्यायाने अंदमानला सहल नेऊ नका. आणि राजाचा एवढा पुळका असेल तर टूटूचं बोला. सख्खी नात त्याची. आई थोरली राजकन्या, बाप राजवाड्यावरचा दरवान सावंत. याच गावात मराठी बोलत गरिबीत जगली, कागदाची फुलं विकली. तेव्हा हेरिटेजवाले कुठे होते?

घाटावरचा: तुम्ही कुठे होतात? गाव तुमचं!

मिऱ्याबंदर: आमची आजी तिच्याकडून फुलं घ्यायची. तुमच्यासारखी गुगलवर नाही भेटली.

घाटावरचा: वा, फुलं घेतली, उपकार केले! राजाच्या अस्थी तरी मायदेशी पाठवा. 2012 ला म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथल्या त्याच्या समाधीवर येऊन गेले.

जांभाचिरा: मग इंग्रजांनी तिकडे रंगूनला धाडलेल्या शेवटच्या मुघल बादशहाला, बहादूरशहा जफरलाही आणा. अदलाबदल करून टाका.

मिऱ्याबंदर: समाधीला हात लावायचा नाही. तीस वर्षं राहिला माणूस इथे. आमचाच झाला तो.

घाटावरचा: आमचाच! कैद्याला विचारलं होतं का कुणी?

भाट्येकर: अहो, विषय मैफलीचा होता.

जांभाचिरा: होता. चला, अंगणात गा बापडे. पण स्टेजची एक दोरीसुद्धा खांबाला बांधायची नाही, जनरेटर फाटकाबाहेर, आणि तिकिटाच्या पैशातून चुना.

भाट्येकर: तिकिटाच्या पैशात कलाकारांचं जेवण निघत नाही, चुना कुठला?

जांभाचिरा: मग कलाकारांना डबा आणायला सांगा.

मिऱ्याबंदर: घाटावरचे, तुम्ही समाधीवर कधी गेलायत का, एवढंच सांगा.

घाटावरचा: गणपतीपुळ्याला जाताना बाहेरून पाहिली.

मिऱ्याबंदर: बाहेरून! झालं मग.